भिवंडीच्या बाबांना फराळ

चहा घ्या आधी, थंड होईल. आणि हसायचं असेल तर मोकळेपणानं हसा. हे मी इतक्यांदा सांगितलंय की लाज आता निबर झाली आहे. गेल्या दिवाळीत मी भिवंडीतल्या एका धडधाकट माणसाला विधुर ठरवलं, त्याला सात मुली दिल्या, सातही परदेशी नांदायला पाठवल्या, जावयांत एक ख्रिस्ती आणि एक मुसलमान घातला, आणि मग त्याच्या दुखवट्याचा फराळ खोक्यांत भरून रवाना केला. त्या माणसाला यातलं काहीही ठाऊक नव्हतं.

म्हणाल, असं होतं कसं? अडाण्याचं होत नाही. शिकलेल्याचं होतं. मी गडचिरोलीकडे, चामोर्शीच्या ज्युनियर कॉलेजात इतिहास शिकवतो. साधनं समोर ठेवायची, त्यांवरून निष्कर्ष काढायचा, हा माझा धंदा. इतकी वर्षं मेलेल्या माणसांबद्दल निष्कर्ष काढत होतो, म्हणून निभावलं. मेलेली माणसं तक्रार करत नाहीत.

मंदानं, म्हणजे माझ्या बायकोनं, जवळच्या एका गावातल्या बायकांना घेऊन बांबूच्या वस्तूंचं दुकान काढलं होतं. शटरचं नव्हे, फोनमधलं. बायकांनी वस्तू करायच्या, मंदानं फोटो काढून एका साईटवर टाकायचे, मागणी आली की खोकं भरून कुरिअरला द्यायचं. टोपल्या, दिवे, आणि दिवाळीच्या सुमाराला आकाशकंदील. खरं वर्ष निघायचं ते कंदिलांवर. चैत्रात मंदा गेली. दुकान राहिलं. बायका म्हणाल्या, गुर्जी, इंग्रजीचं तुमी पाहा, बाकी आमी पाहतो. मला कॉम्प्युटर येतो असा त्यांचा समज होता. मी तो दूर केला नाही. तेव्हापासून दर संध्याकाळी कोणीतरी एक इंग्रजीचं काही विचारायला यायची.

या बायकांची म्होरकी शकूबाई. माझ्याहून वयानं मोठी. हातातल्या कोयत्याला धार, आणि तोंडाला त्याहून जास्त. माझ्या ओसरीवर माल आणून ठेवायची आणि खोकी भरेपर्यंत समोर बसायची, म्हणजे मी काही उलटंसुलटं करू नये म्हणून. पुढे जे झालं ते तिच्या डोळ्यांदेखत झालं, एवढाच मला दिलासा आहे.

दसरा झाला आणि मागण्या सुरू झाल्या. पहिली अनघा गोखले, पत्ता भिवंडीचा. दुसरी विल्सन फर्नांडिस. पत्ता तोच. मग किरण रेड्डी, मग इम्रान शेख, आणि मागून आणखी तिघं. सात कंदील, सात नावं, पत्ता एकच, फोन नंबरसुद्धा एकच. फक्त प्रत्येक नावापुढे एकेक वेगळा आकडा.

“एकाच घरी सात कंदील?” शकूबाई म्हणाली.

“मोठं घर असेल.”

“कितीबी मोठं असू द्या ना. दारं किती असतीन त्याले?”

“पत्त्यात कंपाउंड लिहिलंय.”

कंपाउंड म्हटल्यावर तिला पटलं. आमच्याकडे कंपाउंड असतं ते कलेक्टरच्या बंगल्याला.

“अन् आडनावं काऊन येगयेगळे?”

“मुली आणि जावई असतील. कोणी लेकीच्या नावानं मागवलं, कोणी जावयाच्या.”

“हा शेख?”

“जावई.”

“अन् फर्नांडिस?”

“तोही जावई.”

शकूबाईनं हातातला कंदील फिरवून बघितला. “बुढा मोठ्या मनाचा दिसते,” ती म्हणाली.

इथवर काही बिघडलं नव्हतं. सात कंदील सात खोक्यांत भरून दिले असते तर आज तुम्हाला सांगायला माझ्याकडे काही नसतं. पण पत्त्यात खूण नव्हती. आता आमच्याकडे पत्ता म्हणजे निव्वळ खूण. फाट्यावर उतरा, पानठेल्यावर नाव सांगा, तो हाक मारून घर दाखवतो. घर नंबर आमच्या गावात फक्त निवडणुकीत लागतो. बिनखुणेच्या पत्त्यावर माल पाठवायचा म्हणजे नदीत सोडायचा. म्हणून मी तो नंबर फिरवला. पलीकडून एक घोगरा, दमलेला आवाज आला.

“अनघाताई आहेत का?”

“कोन अनघा?”

“अनघा गोखले.”

पलीकडे काही चाळल्याचा आवाज आला. “त्या अमेरिकेला.”

“बरं. मग फर्नांडिससाहेब?”

“मस्कत.”

“रेड्डी?”

“सिंगापूर.”

“आणि शेख?”

“ते दोहाला. ओ काका, इथं कोन नसतंय. सगली बाहेर. त्यांचं काय आला का आपन घेऊन ठेवायचा.”

“मग तिथं असतं कोण?”

“मी हाय ना.”

“एकटेच?”

“आत्ता एकटाच म्हना.”

मी विचारलं, आपलं नाव? म्हात्रे. खूण काय सांगता? पाण्याच्या टाकीसमोर, निळा पत्रा. जेवणाचं काय करता? डबा येतो. बाईमाणूस कोणी? नाय. आता हे प्रश्न कंदील पाठवायला लागत नाहीत, मला कळतं. पण एकेक विचारत गेलो. शेवटी म्हटलं, दिवाळीची तयारी काय म्हणते?

“यंदा कसली दिवाली?” तो म्हणाला. “यंदा काय नाय.”

फोन ठेवला आणि मी अंगणात जाऊन उभा राहिलो. मग आत आलो आणि निष्कर्ष काढला.

बघा, साधनं किती भक्कम होती. माणूस म्हात्रे, आणि सात जणांत एकही म्हात्रे नाही. म्हणजे मुलगा नाही, सातही मुली. सगळ्या परदेशी. बाप पत्र्याखाली. जेवायला डबा, म्हणजे बायको नाही. आणि यंदा दिवाळी नाही, म्हणजे बायको याच वर्षी गेली. आवाज बसलेला. आणखी काय पाहिजे? याहून कमी पुराव्यावर आम्ही राजघराण्यांच्या वंशावळी लावतो.

तो मला काका म्हणत होता, हे खटकलं मात्र. पण म्हटलं, त्या भागातली रीत असेल.

शकूबाईला सगळं सांगितलं. तिच्यासोबत आणखी दोघीजणी होत्या. तिघींनी कंदील खाली ठेवले.

“दुखाच्या घरी कंदील?” शकूबाई म्हणाली. “पोरी सुधरल्या म्हनून काय रीतभात इसरल्या काय?”

आमच्याकडे ज्या घरचं माणूस गेलं, त्या घरी पहिल्या दिवाळीला कढई चढत नाही आणि कंदील लागत नाही. फराळ नात्यागोत्यातले, शेजारचे आणून देतात. माझ्या घरी त्या वर्षी काय होणार आहे ते ओसरीवर बसलेल्या चौघांनाही ठाऊक होतं, आणि चौघांपैकी कोणी त्याबद्दल बोललं नाही. सगळ्यांनी मिळून भिवंडीच्या म्हाताऱ्याबद्दलच बोलायचं ठरवलं.

“त्याच्या इकडं फराय कोन देईन?” एकीनं विचारलं.

“कोन देईन? सात पोरी अन् सात कंदील,” शकूबाई म्हणाली. “गुर्जी, मांडा खोके.”

हलका, लवकर पिकणारा धान कापणीला आला होता. बायका दिवसभर बांधीत, म्हणजे धानाच्या खाचरात, वाकायच्या आणि तिथून आल्यावर त्या म्हाताऱ्यासाठी चकल्या पाडायच्या. मोहाचे लाडू झाले, शेव झाली. एकीनं नवऱ्यासाठी घेतलेला मफलर दिला, म्हणाली, तो तसाबी डोक्याले गुंडायत नाई. मी गुडघ्याला चोळायचा बाम घातला. शकूबाईनं बांबूची एक सुरेख काठी केली, मुठीला गुळगुळीत घोटलेली. साईटला सात मागण्यांची सात खोकी दिसायला हवीत, म्हणून हा संसार सात खोक्यांत वाटून भरला. वरती एकेक चिठ्ठी, ‘ती. बाबांस सा. न.’ अशी. कंदील सातही माझ्या माडीवर ठेवले. मनात म्हटलं, पुढच्या दिवाळीला पाठवू.

इथंही थांबलो असतो. पण मास्तर माणूस. चूक दिसली की लाल शाईचं पेन आपोआप हातात येतं. मी सातही जणांना साईटवरून इंग्रजीत निरोप पाठवला. मजकूर साधारण असा: आपले सासरे (किंवा वडील, जे लागू असेल ते) भिवंडीत एकटे आहेत. मातोश्रींच्या पश्चात ही त्यांची पहिली दिवाळी. अशा घरी कंदील लागत नाही, हे परदेशी राहून आपण विसरला असाल, म्हणून त्याऐवजी फराळ पाठवत आहोत. सातही बहिणींनी आपसांत बोलून निदान एकीनं तरी येऊन जावं.

शेवटच्या वाक्यावर मी खूष होतो.

एकाचंही उत्तर आलं नाही. मी मनाशी म्हटलं, लाजले असतील.

खोकी पोचेपर्यंत मी म्हाताऱ्याला अधूनमधून फोन करत राहिलो. खोकी निघाली हे सांगायला एकदा. नागपूरला पोचली हे सांगायला एकदा. मग काही सांगायचं नसतानाही. दुपारी कॉलेजातून आलो की आधी चहा टाकायचो आणि तो उकळेपर्यंत भिवंडी. त्याची तब्येत मात्र चमत्कारिक होती. एके दिवशी आवाज घोगरा, दुसऱ्या दिवशी बारीक, तिसऱ्या दिवशी नाकात. एकदा तर मराठी बोलता बोलता मध्येच हिंदीच बोलायला लागला. मी म्हटलं, माणूस खचलाय. त्याला अडुळशाचा काढा सांगितला. गरम पाण्यात मीठ टाकून गुळण्या सांगितल्या. तो सगळं ऐकून घ्यायचा, “हां काका, करतो” म्हणायचा आणि कधी आपणहून फोन ठेवायचा नाही. मला बरं वाटायचं, की आपल्यामुळे त्या जिवाला जरा सोबत झाली.

मग एका दुपारी मस्कतहून फर्नांडिसचा निरोप आला. सोबत एक फोटो. त्यात टेबलावर शकूबाईनं केलेली काठी आणि बाम. खाली लिहिलं होतं: मी नाताळसाठी कंदील मागवला होता, हे काय आहे? आणि भिवंडीचे सासरे कोण आहेत? माझी बायको मडगावची. तुमचा निरोप तिनं माझ्याआधी वाचला. भिवंडीत माझं दुसरं लग्न झालं आहे का, असं ती कालपासून विचारते आहे. ती तिच्या आईशी बोलली आहे. कृपया तातडीनं खुलासा करा.

मी ते दोनदा वाचलं. तेवढ्यात सिंगापूरहून रेड्डी: मला एक सासरे आहेत, वरंगळला. ते पुरेसे आहेत. दुसरे मी मागवले नव्हते.

अनघा गोखल्यांनी लिहिलं होतं की मी एकुलती एक आहे, बाकीच्या सहा बहिणींची नावं कळवावीत, आईला विचारते. शेख तेवढा मवाळ होता. त्यानं लिहिलं, तुमचा निरोप वाचून वडिलांना फोन केला, बऱ्याच दिवसांनी. ते म्हणाले, काय झालं, नोकरी गेली का?

आणि त्या सगळ्यांच्या खाली साईटचा स्वतःचा निरोप होता. त्यात काव्य नव्हतं. तुमच्या दुकानाबद्दल लागोपाठ तक्रारी आल्या आहेत. मागवलेला माल ग्राहकांना मिळाला नाही तर दुकान बंद करण्यात येईल.

माडीवर सात कंदील होते. गावात त्याहून कितीतरी जास्त तयार होऊन पडले होते, ऐन दिवाळीत खपायचे म्हणून. धान कापता कापता रात्री बसून केलेले. दुकान बंद म्हणजे ते सगळे घरच्या घरी लावायचे. आणि दुकान काही माझं नव्हतं. मंदाचंही नव्हतं. ते त्या बायकांचं होतं, आणि मी ते एका म्हाताऱ्याच्या प्रेमापोटी बुडवलं होतं.

पुण्याला मुलीला फोन लावला. गौरी तिथे नोकरी करते. तिनं सगळं ऐकून घेतलं. मधे एकदा फोन बाजूला ठेवून ती कुठेतरी जाऊन आली, मला वाटतं हसायला.

“बाबा, ते घर नाही. गोदाम आहे.”

“कोणाचं?”

“माल पुढे पाठवणाऱ्यांचं. आपल्या दुकानावर आईनं काय लिहिलंय? फक्त भारतात पाठवतो. मग परदेशातल्या माणसाला आपला कंदील हवा असेल तर तो काय करेल? अशा गोदामात एक कप्पा घेतो. आपण तिथे पाठवायचं, ते लोक तिथून विमानानं त्याच्याकडे पाठवतात. नावापुढचा आकडा त्याच्या कप्प्याचा. माल आला की उघडून फोटो काढून ग्राहकाला दाखवतात.”

“आणि म्हात्रे?”

“गोदामात कामाला असतील, बाबा.”

“पण त्यांची बायको—”

“असेल घरी. चांगली असेल.”

मी म्हटलं, यंदा दिवाळी नाही म्हणाले होते. गौरी म्हणाली, दिवाळीत सगळं जग पार्सलं पाठवतं, त्यांना सुट्टी कुठली?

त्या बाईंना काही झालेलं नाही, हे ऐकून आधी बरं वाटलं, हेही सांगून टाकतो. मग बाकीचं आठवलं.

शकूबाईला सांगायला गावात गेलो. ती बांधीवर होती. मी उभ्या उभ्या सगळं सांगितलं. विळा हातात तसाच धरून तिनं ऐकलं.

“म्हंजे बुढाच नाई?”

“माणूस आहे. पण बुढा नसावा.”

“पोरी?”

“नाहीत.”

“अन् तो शेख जावई?”

“तोही नाही.”

“अरे अरे,” ती म्हणाली. जावयाचं तिला जास्त वाईट वाटलं असावं. मग विळा खोचला आणि कपाळावरचा घाम पुसला. “गुर्जी, दुकान बंद पडलं तं या बायांले मी काय सांगू? मंदाबाई सांगून गेली होती का तुमच्यावर दुकान ठेवा म्हनून? मीच म्हनली होती. मास्तर माणूस, हुशार आहे, म्हनली.”

ती चालायला लागली, मी मागे.

“आता त्याले फोन लावा,” ती पुढे बघत म्हणाली. “खोके गेले काय इचारा. गेले नसन तं परत मागा. अन् गेले असन तं मंग मस्कतले तुमीच जा.”

बांधावरच उभा राहून फोन लावला. घोगरा आवाज आला, पहिल्या दिवशीचा.

“म्हात्रेसाहेब, माझं जरा चुकलंय,” मी सुरुवात केली. कंदील, फराळ, सात मुली, दुखवटा, सगळं सांगितलं. त्यांच्या बायकोबद्दल सांगताना जीभ अडखळली, पण तेही सांगितलं.

“म्हंजे माझी बायको मेली?” म्हात्रे म्हणाले.

“माझ्या समजुतीप्रमाणे.”

“तिला सांगतो. तिला आवडंल.” मग आवाज जरा खाली आणून, “काका, घाबरू नका. खोकी गेली नायत. सगली इथंच हायत. खायचा माल विमानात चढत नाय. आम्ही फोटो काढला आन तुमची सात बाजूला ठेवली. चिठ्ठी वाचली ना. ‘बाबांस’ म्हंजे आम्हालाच की. म्हटला, काकांनी आम्हाला दिवाली पाठवली. चकल्या संपल्या. लाडू दोन उरलेत.”

“आणि काठी?”

“काठी हाय. बाम लावला थोडा.”

मी कंदिलांचं विचारलं. दिवाळी तोंडावर आलेली. कुरिअरनं पाठवून उपयोग नव्हता.

“नागपूरवरून मुंबईची बस येतेय ना? डिकीत टाका. आम्ही इथं हायवेवर उतरवून घेतो. तुमचा माल आधी चढवतो, मंग बाकीचा.”

म्हणजे बघा, शेवटी भिवंडीलाही फाटाच कामी आला. मी आणि शकूबाई सात कंदील घेऊन बसनं नागपूरला गेलो. एवढ्या कंदिलांसोबत बसलेला माणूस कंडक्टरला फार आनंदी वाटतो. त्यानं आम्हाला घरात लग्न आहे का विचारलं. शकूबाई म्हणाली, नाई, गुर्जीले सासरा भेटला.

कंदील वेळेवर गेले. साईटला मी सविस्तर खुलासा लिहून पाठवला, त्यांनी तो वाचला की नाही कोण जाणे, पण सातही जणांनी माल मिळाल्याचं कळवलं आणि दुकान राहिलं. मस्कतच्या बाईंसाठी मला वेगळं लिहून द्यावं लागलं, की विल्सनरावांचा भिवंडीशी कोणताही नातेसंबंध नाही आणि असल्यास तो मी लावलेला आहे, त्यांनी नव्हे. त्यांनी उत्तरात आणखी दोन कंदील मागवले. एक आईसाठी.

इथे किस्सा संपायला हवा होता.

पण कंदील विमानात चढल्याचं सांगायला म्हात्र्यांचा फोन आला तेव्हा मी त्यांचे आभार मानायला लागलो. म्हटलं, तुम्ही एवढं का केलंत? मी तर तुम्हाला नको नको ते म्हटलं. रोज फोन करून तुमचा वेळ खाल्ला, तरी तुम्ही सर्दी असतानासुद्धा बोलायचात.

“सर्दी नाय काका. आम्ही चार जन हाव.”

“म्हणजे?”

“तुमचा फोन आला का जो मोकला असंल त्यानं उचलायचा. भय्या नवीन होता, त्याला पन सांगून ठेवलेला. चंद्रपूर-गडचिरोलीकडचे काका हायत, आवाजावरनं एकटेच वाटतात, जेवलात का विचारतात, तर घाई करायची नाय. फोन आपन ठेवायचा नाय.”

मग म्हात्र्यांनी विचारलं, “काका, तुमची मुलं कुठं असतात?”

“पुण्याला,” मी म्हटलं. “एक मुलगी.”

“येते ना दिवालीला?”

“येते.”

“मंग बरा,” ते म्हणाले, आणि फोन ठेवायची वाट बघत राहिले. मी ठेवेपर्यंत त्यांनी ठेवला नाही.

त्या संध्याकाळी शकूबाई ओसरीवर आली होती. मी तिला ही सगळी हकिकत सांगितली. म्हटलं, शकूबाई, कमाल बघा. ज्याला मी एकटा म्हणून सांभाळत होतो, तो मलाच सांभाळत होता. चार माणसांनी पाळी लावली होती माझ्यासाठी. मी विनोद म्हणून सांगत होतो, पण थांबता येत नव्हतं, एकच गोष्ट तीनदा सांगितली. म्हटलं, मला या वयात हे कळलं सुद्धा नाही.

शकूबाई हसली नाही. तिनं पदर सारखा केला.

“त्यात काय एवढं कमाल आहे,” ती म्हणाली. “आमीबी तं चैतापासून पाळीच लावून राह्यलो. रोज एकीनं यायचं, काईतरी इचारायचं. तुमाले काय वाटलं, बायांले रोज नवीन इंग्रजी लागते?”

मला खरंच तसंच वाटलं होतं. इतके महिने मी दर संध्याकाळी एका बाईला तेच ते इंग्रजी समजावून सांगत होतो आणि मनात म्हणत होतो, बिचाऱ्यांचं माझ्यावाचून अडतं.

मी विचारलं, “मग आज कोणाची पाळी?”

“माहीच,” शकूबाई म्हणाली आणि उठून उभी राहिली. “म्हनून तं कवाची बसली. पन गुर्जी, तुमचं बोलणं काई सरत नाई, अन् मले घरी सैपाक पडला आहे. आता बाकीचं भिवंडीले सांगा.”